चवदार आणि खारे : कुलाबा किनाऱ्यावरील पाण्याच्या परीक्षेचा इतिहास

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी आलेल्या माणसांची तहान भागवायला सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात चार-पाच एकरांचे तळे भरलेले होते. ते नगरपालिकेच्या ताब्यात होते, त्याच्या चारही बाजूंनी सार्वजनिक रस्ते होते, मुसलमान त्यावर पाणी भरत होते, आणि गुराढोरांनाही तिथे मज्जाव नव्हता. तरीही अस्पृश्यांच्या परिषदेला पाण्याचे दाम मोजावे लागले. चवदार तळ्याच्या संग्रामावर लिहिणारे या ४० रुपयांवरून पटकन पुढे जातात, कारण पुढे २० मार्चचा दिवस उभा असतो आणि त्या दिवसाचे तेज असे आहे की खर्चाच्या हिशेबाकडे कोणाची नजर जात नाही. मला मात्र या हिशेबापाशी थोडे थांबावेसे वाटते.

हे ४० रुपये नेमके कशाचे होते? विकत घेतलेले पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा निर्मळ होते म्हणून ते दिले गेले नाहीत. पाणी तेच, जमीन तीच, पाऊसही तोच. रुपये दिले गेले ते एका परीक्षेत आपण नापास ठरवले गेलो म्हणून. ती परीक्षा पाण्याची नव्हतीच. ती पाणी पिणाऱ्याची होती. आपल्या देशात पाण्याचा कस लावण्याचे शास्त्र हजारो वर्षे असे माणसाच्या अंगाला लावले गेले, आणि खुद्द पाणी तपासायचे राहूनच गेले. रायगडच्या किनाऱ्यावर (१९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते) ही गोष्ट जितकी उघडी दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. कारण येथे पाण्याचा गुण हा कल्पनेचा विषय नाही. येथे पाणी खरोखरच गोडे असते किंवा खारे असते, आणि त्यावर माणसाचे पिणे व शेत दोन्ही अवलंबून असतात.

याच महाड परिसरातल्या रावढळ गावच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस विटाळ म्हणजे काय, तो कोठून येतो, कशाला लागतो आणि कशाला लागत नाही, असे प्रश्न धर्मपंडितांपुढे मांडतो. प्रश्न विचारण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटते. विटाळ हे जर सत्य असेल तर ते कसोटीला उतरले पाहिजे, ही त्यामागची भूमिका आहे. १८९५ साली वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीयांत नाराजी पसरली आणि वृत्तपत्रांतून वाद झाला. लोकल बोर्ड म्हणजे रस्ते, शाळा, विहिरी. ज्याच्या स्पर्शाने विहीर बाटते असे मानले जात होते, तोच आता विहिरींच्या कारभाराला बसणार होता. ही साधी अडचण नव्हती.

आता त्यांच्या शास्त्राकडे पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पाण्याच्या शुद्धीचा एक निकष दिला आहे. गाईची तहान भागेल इतके जमिनीवरचे पाणी, त्यात अमेध्य वस्तू मिसळलेली नसेल आणि त्याचा रंग, गंध, चव ठीक असेल तर ते शुद्ध समजावे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधाराने आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले, त्याच ग्रंथात जमिनीवरच्या पाण्याची परीक्षा रंग, वास आणि चव यांवरून करायला सांगितली आहे! आजच्या प्रयोगशाळेच्या चिठ्ठीतही पहिल्या ओळी याच असतात. चवदार तळ्यात गाईच काय, गुरांचे कळप पाणी पिऊन तृप्त झाले असते. या निकषाने ते तळे कोणाच्याही ओंजळीने बाटू शकत नव्हते. पण धर्मग्रंथातला सोयीचा भाग पाळायचा आणि गैरसोयीचा विसरायचा, ही सनातन्यांची जुनी सवय आहे. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच जाळली गेली, ते योग्यच झाले. तिच्यातला हा श्लोक आपण लक्षात ठेवावा तो आदरासाठी नव्हे. जात टिकवणाऱ्यांना स्वतःच्या ग्रंथाचीही चाड नव्हती, याचा पुरावा म्हणून ठेवावा.

२० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवली गेली, आणि जेवायला बसलेल्या, गावाकडे परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्यानंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली. दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या गेल्या.

येथे एक लहानसे गणित करण्याचा मोह आवरत नाही. विद्यार्थ्यांनी ते वर्गात करून पाहावे. चार एकर म्हणजे सुमारे १६ हजार चौरस मीटर. खोली सरासरी दोन मीटर धरली तर तळ्यात तीन कोटी लिटरांहून अधिक पाणी होईल. घागर दहा लिटरांची धरली तर १०८ घागरींत जवळपास अकराशे लिटर होतात. म्हणजे तीस हजार भाग पाण्यात एक भाग मिश्रण. रसायनाच्या दृष्टीने याने तळ्याचे काही बनत नाही की बिघडत नाही. परंतु शेणाबरोबर आतड्यातले जंतू पाण्यात जातात, आणि आजच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू अजिबात आढळता कामा नये. बाबासाहेबांच्या ओंजळीने तळ्यातून पाणी कमी झाले, एवढेच. घागरींनी मात्र तळ्यात जंतू घातले. महाडच्या त्या आठवड्यात तळे कोणी बाटवले, या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला एकच मिळते.

हे उत्तर त्या काळी उपलब्ध नव्हते असेही नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ सालीच कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते. ते तळे धुण्याला, अंघोळीला आणि पिण्याला एकच होते. पाण्यातून रोग येतो तो मैल्यातून येतो आणि मैल्याला जात नसते, हे सिद्ध होऊन महाडच्या वेळी त्रेचाळीस वर्षे झाली होती. महाडच्या शिकलेल्या वर्गात वकील होते, शिक्षक होते. हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते असे मानणे म्हणजे त्यांना फारच सवलत देणे होईल.

पुढे वाद न्यायालयात गेला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले व सांभाळलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केले, आणि बरोबर चार वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातनी मंडळी दाव्याला उभी राहिली आणि त्यांनी तात्पुरती मनाई मिळवली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अखेर १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले. परिषदेला दहा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उरले होते. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, हा निकालाचा गाभा. या दहा वर्षांच्या कज्ज्यात रूढी किती जुनी, तळे कोणाच्या मालकीचे, भोवती घरे कोणाची, याचा ऊहापोह झाला. पाणी कसे आहे, हा प्रश्न कोणाला पडला नाही, आणि न्यायालयाला तो पडण्याचे कारणही नव्हते. लढा हक्काचा होता. त्या तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरत नव्हतो, हे बाबासाहेबांनी महाडच्या दुसऱ्या परिषदेत स्पष्टच सांगितले होते. माणूस म्हणून समान आहोत, हे प्रस्थापित करण्यासाठी ते तळ्यावर गेले.

हक्क मिळाला. पण हक्काचे पाणी कसे असते, हा दुसरा अध्याय आहे आणि आपल्या चळवळीने त्याकडे पुरेसे लक्ष दिले आहे असे मला वाटत नाही.

सार्वजनिक पाणवठा खुला करण्याऐवजी अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर बांधून द्यावी, ही तडजोड त्या काळात सरकार, लोकल बोर्डे आणि हरिजनसेवा करणारे सगळ्यांनाच सोयीची वाटली. ज्याने विटाळ मानायचा त्याने मानत राहावे, आणि ज्याला तहान लागली त्याने आपल्या कोपऱ्यात पाणी प्यावे. देशावर या वेगळ्या विहिरीचा अर्थ अपमान एवढा होता. किनाऱ्यावर त्याला आणखी एक अर्थ होता, आणि तो समजायला थोडी भूमी पाहावी लागते.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या माणसाला हा आकडा स्वप्नातला वाटेल. तरी एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यात टँकर फिरतात, आणि पेणच्या खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन वाट पाहत बसतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हा मुलूख कोरड्या प्रदेशासारखाच वागतो. सह्याद्रीवरून पडलेले पाणी तासाभरात खाडीला मिळते. खाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात मावते. किनाऱ्याजवळ गाळ आणि वाळू आहे. तिथे पाणी मुरते खरे, पण खाली समुद्र बसलेला असतो.

गोडे पाणी हलके, खारे जड. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो. हॉलंडमध्ये गायबेन आणि जर्मनीत हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसावे शतक संपता-संपता आणि विसावे सुरू होताना स्वतंत्रपणे याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर खाली ते साधारण चाळीस फूट असते. ऐकायला हा फायदा वाटतो, पण उलटे वाचले म्हणजे धोका कळतो. विहिरीतली पातळी उपशाने एक फूट खाली आणा, खालून खारे पाणी चाळीस फूट वर यायला निघते.

आणि खारेपणा किती लागतो? समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराईड जवळपास १९ हजार मिलिग्रॅम असते. भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. १०५००, ते प्रथम १९८३ साली निघाले) पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावे, आणि दुसरी सोयच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावे. पंधरा लिटरांच्या हंड्यात समुद्राचे पाणी पेलाभर पडले की पहिली मर्यादा गाठली जाते. चार पेल्यांत दुसरीही संपते. एवढेसे अंतर आहे गोड्या आणि खाऱ्यामध्ये. खाडीच्या पातळीला लागून असलेल्या सखल जागेत विहीर खणली तर तो पेला कोणाला ओतावा लागत नाही. भरती ते काम करते.

आता प्रश्न असा की गावात सखल जागा कोणाची असते? कोकणातल्या गावाची रचना पाहा. गावठाण उंचवट्यावर, देऊळ आणि चांगली विहीर तिथेच. महारवाडा गावाबाहेर, वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला. वरच्या आळीतले पाणी वापरून झाल्यावर खाली यावे, खालचे वर जाऊ नये, हे विटाळाचे भूगोलशास्त्र. बरीच गावे याला अपवाद असतील, आणि डोंगराकडेच्या वाड्यांत तर चढावरच टंचाई असते. पण खाडीकाठी जिथे हा नियम चालला, तिथे वेगळी विहीर म्हणजे मिठाच्या अधिक जवळची विहीर, असा हिशेब आपोआप बसला. स्पर्शाच्या परीक्षेत नापास केलेल्या माणसाला असे पाणी मिळाले की जे रसायनाच्या परीक्षेत नापास व्हावे. यात कोणी मुद्दाम कट केला असे म्हणण्याची गरज नाही. जातीची व्यवस्था जमिनीवर आखली की ती जमिनीखालीही उतरते.

या मुलखाचे मिठाशी भांडण जुने आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्राला बांध घालून, उघाड्या बसवून भातजमीन काढली गेली. बांध घातला कष्टकऱ्यांनी, खंड घेतला खोत-सावकारांनी. पावसाचे पाणी शेतात साठवायचे, त्यात मीठ धुवून उघाडीतून खाडीत सोडायचे आणि मग भात लावायचा, हे ज्ञान कोणत्या पुस्तकात नव्हते. ते आगरी, कोळी, महार कुणब्यांच्या हातांत होते. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते, आणि खोतीविरुद्धच्या या लढ्याला बाबासाहेबांची साथ होती. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक कायदेमंडळात आणले. महाडच्या निकालाला तेव्हा सहा महिनेच झाले होते. तळ्यावरून खोतीकडे गेलेली ही वाट आपल्या अभ्यासकांनी पाण्याच्या अंगाने पाहायला हवी. कारण जमिनीखालचे पाणी कोणाचे, याचे उत्तर इंग्रजांच्या कायद्याने जमिनीच्या मालकीत बांधून टाकले होते. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतले जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मान्य केलेला आहे. ज्याला जमीन नाही त्याला जमिनीखाली पाणीही नाही. तळे खुले करता येते, कारण ते डोळ्यांना दिसते. जमिनीखालच्या तळ्यावर सत्याग्रह करायला माणसे कोठे जमवणार?

शेतीच्या पाण्याची परीक्षा पिण्याच्या पाण्याहून वेगळी असते, आणि ती कार्यकर्त्यांना ठाऊक असावी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली जी वर्गवारी दिली, तीच आपल्याकडच्या अहवालांतून आजवर वापरली जाते. पहिली कसोटी विद्युतवाहकतेची: पाण्यातून वीज जितकी सहज वाहते तितके क्षार जास्त. हा आकडा ७५० च्या आत असेल तर बहुतेक पिकांना चालते. २,२५० च्या पुढे गेले की साध्या जमिनीत ते पाणी द्यायचेच नाही. दुसरी कसोटी सोडियमची. चुना आणि मॅग्नेशियम यांच्या मानाने सोडियम वाढले की मातीचे कण एकमेकांना सोडतात, रान चिकट होते, वाळल्यावर दगडासारखे तडकते, पाणी मुरत नाही. खारेपाटातल्या म्हाताऱ्यांना ही कसोटी आकड्यांशिवाय माहीत असते. जमिनीवर पांढरे फुलले, ढेकूळ फुटेना, की ते ओळखतात. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले, ही चांगली गोष्ट झाली. बांधांसाठी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली कायदे झाले. बांध मात्र उधाणाला फुटतात, आणि एकदा खांड पडून खारे पाणी शेतात शिरले की पुढले पावसाळे मीठ धुण्यात जातात. सोडियमचा अहवाल हातात घेऊन कोरडवाहू तुकड्याचा मालक काय करणार? त्यावर जिप्सम आणि गोडे पाणी हे दोनच उपाय. एक विकत, दुसरे दुसऱ्याच्या ताब्यात.

नागाव, चौल, रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. त्या वाड्या विहिरींवर आणि रहाटांवर पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. रहाटाची ओढ मंद असते. बैल थकला की उपसा थांबतो आणि रात्रीतून गोड्या पाण्याचा थर पुन्हा सावरतो. विजेचा पंप थकत नाही. जिथे रहाट गेला आणि पंप आला, पाठोपाठ मुंबईकरांचे बंगले आणि त्यांचे तरणतलाव आले, तिथे गायबेन-हर्झबर्गचे गणित चालू होते. पाणी ओढणारा एक असतो आणि खारे पाणी येते ते शेजारच्या उथळ, पंप नसलेल्या विहिरीतही. विटाळाच्या जुन्या कल्पनेत स्पर्शाचा दोष दूरवर पसरत होता. तो भ्रम होता. इथे एकाच्या उपशाचा दोष दुसऱ्याच्या हंड्यात खरोखर पसरतो, आणि याला कोणी विटाळ म्हणत नाही.

गोडे पाणी या जिल्ह्यात नाही असे नाही. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींकडे जाते. नागोठण्याजवळ आंबा नदीचे पाणी कारखान्यांसाठी उचलले जाते. त्याच पेणच्या खारेपाटातली गावे टँकरची वाट पाहतात. त्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, बौद्ध आहेत, काठावर कातकरी आहेत. मीठ जात पाहत नाही. पण टँकर वस्तीच्या कोणत्या टोकाला उभा राहतो, ते पाहावे.

आणि महाड? ज्या सावित्रीच्या खोऱ्यात चवदार तळे आहे, त्याच खोऱ्यात पुढे औद्योगिक क्षेत्र झाले आणि रासायनिक कारखाने आले. सांडपाण्याबद्दल नदी-खाडीकाठच्या गावांनी, मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा केंद्राचा कायदा १९७४ पासून आहे. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या नेहमीच्या तपासणीच्या चिठ्ठीत क्लोराईड, नायट्रेट, काठिण्य, फ्लोराईड, एकूण विरघळलेले क्षार असे रकाने असतात. कारखान्यातून येणारी सेंद्रिय रसायने किंवा जड धातू मुद्दाम मागितल्याशिवाय तपासले जात नाहीत. ज्याचा रकाना नाही ते पाण्यात नाही, असे समजून चिठ्ठीवर ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का बसू शकतो. शास्त्रीय परीक्षा ही विटाळाच्या परीक्षेपेक्षा शतपटीने श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. तिच्यात अपील करता येते, दुसरा नमुना देता येतो. पण प्रश्न कोण विचारतो यावर तिचे उत्तर ठरते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात हेच घडले. त्या शहरात काळ्या लोकांची बहुसंख्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे देण्यात आले आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात, आणि अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत. २०१५ साली रहिवाशांनी स्वतः घराघरांतून नमुने गोळा केले, एका विद्यापीठाच्या संशोधकांनी ते तपासले, तेव्हा शिसे बाहेर आले. ज्यांच्या पँथर्सकडून आपण १९७२ साली नाव घेतले, त्यांच्याच लोकांची ही अलीकडची लढाई, तीही पाण्याचीच.

आपल्या कायद्यात एक बदल शांतपणे होऊन गेला आहे आणि त्याची चर्चा फार होत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, १९८९ साली, या लोकांच्या नेहमीच्या वापरातला झरा, तळे, पाणवठा घाण करणे हा अत्याचाराचा गुन्हा ठरवण्यात आला. १९२७ साली महाडमध्ये ‘पाणी बाटवणारा’ म्हणून आपल्यावर लाठी चालली होती. बासष्ट वर्षांनी कायद्याने पाणी बाटवणाऱ्याची व्याख्या फिरवली. मात्र ते पाणी घाण झाले हे दाखवायला नमुना लागतो, तारीख लागते, आकडा लागतो. ‘आमच्या विहिरीला वास येतो’ एवढ्यावर फिर्याद टिकत नाही.

म्हणून ही चिठ्ठी वाचायला आपण शिकले पाहिजे, आणि नमुना द्यायलाही. पहिली गोष्ट महिन्याची. किनाऱ्यावरची विहीर ऑक्टोबरात गोडी असते, कारण नुकताच पाऊस तिच्यात उतरलेला असतो; तीच मे महिन्यात खारी होते. ऑक्टोबरच्या नमुन्यावर वर्षभराचा दाखला घेऊ नये. दुसरी गोष्ट जागेची. नमुना देवळापाशी असलेल्या विहिरीचा की वस्तीतल्या हातपंपाचा, हे चिठ्ठीवर लिहिलेले असले पाहिजे. नुसते गावाचे नाव लिहिले की गावकुसाच्या आतले पाणी सगळ्यांच्या नावावर चढते. तिसरी नायट्रेटची. ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तान्ह्या मुलांच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो, आणि ते वाढते उकिरड्याने, शोषखड्ड्याने, खताने. समुद्राचा त्यात काही दोष नसतो. क्लोराईडसाठी समुद्राला दोष देऊन मोकळे होणाऱ्याला नायट्रेटचा रकाना दाखवावा.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या साध्या संचाचे शिक्षण द्यावे, अशी तरतूद होती. कागदावरची तरतूद म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. ज्या बाईला पाणवठ्यापासून दूर उभे राहून कोणी वरून पाणी वाढेल याची वाट पाहावी लागत होती, तिच्या नातीच्या हातात तपासणीची नळी येते आणि ती रंग पाहून सांगते की हे पाणी पिण्याजोगे नाही. मात्र गावातल्या त्या पाचजणींत आपल्या वस्तीतली एकतरी आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे लागेल. वस्तीतल्या मुलांनी मे महिन्याच्या उधाणाच्या दिवशी, अमावास्येला किंवा पौर्णिमेला, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. बाटलीवर वस्तीचे नाव, विहिरीची किंवा पंपाची खूण, तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी हे लिहावे. आणि तसाच दुसरा नमुना गावातल्या चांगल्या म्हणवणाऱ्या विहिरीचा घ्यावा. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत द्याव्यात, आणि दोन्ही चिठ्ठ्या शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावाव्यात.